झिरो बावन्न चौतीस आणि हिरवा लेसर

सोयाबीनच्या शेंगा भरायच्या दिवसांत चिखली-मेहकरच्या कृषी सेवा केंद्रात एक आकडा सारखा कानावर पडतो: झिरो बावन्न चौतीस. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा पट्ट्यात शेडनेटमधल्या बीजोत्पादनाच्या मिरची-टोमॅटोला हेच विद्राव्य खत ड्रिपमधून सोडतात. आकडे नत्र, स्फुरद, पालाशचे. पिशवीतली पांढरी भुकटी मात्र एकच रसायन आहे, मोनो पोटॅशियम फॉस्फेट. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यालाच केडीपी म्हणतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या लेसर किरणापासून हिरवा किरण तयार करण्याचं काम केडीपीचे स्फटिक साठ वर्षांपासून करत आले आहेत.

शेजारच्या थप्पीतला युरियाही याच पंगतीतला. 12:61:00 सुद्धा. किंबहुना एखादा नवा पदार्थ या कामाला कितपत लायक आहे हे ठरवायचं असेल, तर तुलना केडीपीशी किंवा युरियाशीच करतात. कर्ट्झ आणि पेरी यांनी 1968 मध्ये सांगितलेली ही चाचणी आजही जगभर चालते. पदार्थाची बारीक भुकटी करायची, तिच्यावर 1064 नॅनोमीटरचा अदृश्य लेसर सोडायचा आणि भुकटी किती हिरवी उजळते ते मोजायचं. एका विज्ञानशाखेच्या दोन मोजपट्ट्या आपल्या खताच्या दुकानात पडून आहेत, हे आपल्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

या शाखेचं नाव नॉनलिनियर ऑप्टिक्स, म्हणजे अरेषीय प्रकाशशास्त्र. एरवी काचेतून लाल प्रकाश गेला तर लालच बाहेर येतो. प्रकाश कमीजास्त होईल, वळेल, पण रंग बदलणार नाही. कारण साधं आहे. उन्हातल्या प्रकाशाचं विद्युतक्षेत्र मीटरला हजारेक व्होल्ट भरतं, आणि अणूच्या आतलं क्षेत्र त्याच्या सुमारे पन्नास कोटी पट असतं. एवढ्याशा धक्क्याने इलेक्ट्रॉन जेमतेम हलतात, आणि जेवढा धक्का तेवढेच हलतात. लेसरचा झोत एका बिंदूवर आणला की धक्का जबर होतो आणि हे प्रमाण बिघडतं. गावच्या मंदिरावरचा कर्णा मर्यादेबाहेर मोठा केला की आवाज फाटतो, मूळ गाण्यात नसलेले सूर त्यात घुसतात. प्रकाशाचंही तसंच होतं. मूळ किरणात नसलेली दुप्पट कंप्रता तयार होते. कंप्रता दुप्पट म्हणजे तरंगलांबी निम्मी: 1064 नॅनोमीटरची निम्मी 532, आणि 532 म्हणजे झगझगीत हिरवा.

यात एक अट आहे. स्फटिकातली अणूंची मांडणी मध्यबिंदूभोवती सममित असेल, तर डावीकडचा आणि उजवीकडचा धक्का सारखाच पडतो आणि दुप्पट कंप्रतेचा भाग आपसात खोडला जातो. खायच्या मिठाचं असंच होतं, म्हणून मीठ इथे निरुपयोगी. केडीपी आणि युरिया यांच्या मांडणीत असा मध्यबिंदू नाही. सगळी करामत या एका उणिवेत आहे.

मैमान यांचा पहिला लेसर 1960 मध्ये पेटला. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी माणिक लेसरचा लाल झोत क्वार्ट्झमधून सोडला आणि 694.3 नॅनोमीटरमधून 347.2 मिळवले. नवा प्रकाश इतका क्षीण होता की छायाचित्रावर जेमतेम एक ठिपका उमटला. शोधनिबंध छापताना तो ठिपका धुळीचा डाग समजून पुसला गेला. छापील पानावर आजही बाण आहे, बाणापुढे काहीच नाही. 1962 मध्ये केडीपी तिरका धरून लाल आणि नव्या प्रकाशाचा स्फटिकातला वेग जुळवण्याची युक्ती सापडली आणि क्षीण ठिपक्याचा झोत झाला. 1064 नॅनोमीटरसाठी हा कोन साधारण 41 अंश येतो.

आता खरं कष्टाचं काम, स्फटिक वाढवणं. 20 अंश तापमानाला 100 मिलीलिटर पाण्यात साधारण 22-23 ग्रॅम केडीपी विरघळतं. ऊर्ध्वपातित पाण्यात थोडं गरम करून संपृक्त द्रावण करायचं, गाळायचं, बीकरवर कागद बांधून सुईने चार भोकं पाडायची आणि हात लावायचा नाही. काही दिवसांत तळाशी कणी धरते. त्यातली निर्मळ, सरळ कडांची एक कणी निवडून नायलॉनच्या दोऱ्याने ताज्या द्रावणात टांगायची. ती चौकोनी खांबासारखी वाढते, दोन्ही टोकांना पिरॅमिडचा निमुळता माथा. तापमान एक-दोन अंश चढलं की टांगलेली कणी विरघळते, एकदम उतरलं की तळाशी बारीक स्फटिकांची गर्दी होते. भारनियमनाच्या दिवसांत रात्री वीज गेली की आठवड्यांची मेहनत पाण्यात. खतातलं केडीपी थेट का चालत नाही, तेही इथेच कळतं. लोह, ॲल्युमिनियम, क्रोमियमचा अंश बाजूच्या पृष्ठांना चिकटून बसतो आणि स्फटिक निमुळता होत जातो. म्हणून ते पुन्हा पुन्हा विरघळवून, गाळून, शुद्ध करून घ्यावं लागतं. तयार स्फटिकाला घामट बोट लागलं तरी डाग पडतो, आणि पावसाळी हवेत तो धुरकटतो.

तरीही हे काम छोट्या महाविद्यालयाला झेपणारं आहे. बुलढाणा जिल्ह्यातली महाविद्यालयं ज्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत, तिथे आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात, बीडच्या मिल्लिया महाविद्यालयात अशा स्फटिकांवर वर्षानुवर्षं संशोधन झालं आहे. केडीपीत ग्लायसीनसारखं अमिनो आम्ल मिसळ, थायोयुरियाचे झिंकसारख्या धातूंबरोबरचे संयुग-स्फटिक वाढव, अशी ही कामं. महागड्या लेसरच्या चाचण्यांसाठी नमुने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पाठवण्याची पद्धत अनेक महाविद्यालयांनी पाळली. या शाखेतलं एक वळण मात्र मला खटकतं. मिश्रण बदलायचं, वर्णपट काढायचे, निबंध छापायचा आणि थांबायचं. स्फटिक नेमक्या कोनात कापून, घासून, लेसरच्या आत बसवण्यापर्यंत फार थोडे जण जातात. उपयोग तर तिथूनच सुरू होतो.

उपयोग भरपूर आहेत. मधुमेहाने पडदा बिघडलेल्या डोळ्यावर नेत्रतज्ज्ञ जो हिरवा लेसर मारतात, तो बहुधा अवरक्त किरणाची कंप्रता दुप्पट करूनच मिळवलेला असतो. तिथे केटीपी किंवा एलबीओ स्फटिक वापरतात. केटीपीतही पालाश आणि स्फुरद आहेच, जोडीला टायटॅनियम. जत्रेत मिळणाऱ्या बहुतेक हिरव्या लेसर पॉइंटरमध्येही असाच स्फटिक असतो. स्वस्त पॉइंटरमध्ये अवरक्त किरण अडवणारी काच नसेल, तर तो अदृश्य किरणही बाहेर पडतो आणि डोळ्याला कळतसुद्धा नाही. पोरांच्या हातात ही वस्तू देऊ नये. अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत 5 डिसेंबर 2022 रोजी लक्ष्यावर टाकलेल्या लेसर ऊर्जेपेक्षा जास्त संलयन ऊर्जा मिळाली. तिथल्या लेसरचं अवरक्तातून अतिनील रूपांतर केडीपीच्याच मोठाल्या पट्ट्या करतात.

आपल्याला जवळचं उदाहरण लोणारहून जिंतूरमार्गे गेलं की लागतं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे 2600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या भुजा चार किलोमीटर लांबीच्या असतील. अमेरिकेतल्या लायगोत 2019 पासून प्रकाशातली क्वांटम थरथर दाबून टाकणारी व्यवस्था वापरतात. तिच्या गाभ्याशी केटीपीचाच स्फटिक आहे: आत हिरवा किरण जातो आणि अवरक्त फोटॉनच्या जोड्या तयार होतात. या प्रकल्पातली एक भागीदार संस्था, इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, केडीपीचे मोठे स्फटिक स्वतः वाढवते. मलकापूरहून बुऱ्हाणपूर, खंडवामार्गे तिथे एका दिवसात पोचता येतं. बीकरमध्ये वाढवलेला स्फटिक बरोबर नेऊन, तो 41 अंशांत कापून, घासून, शंभरातला किती अवरक्त प्रकाश हिरवा होतो हे स्वतः मोजलेला बुलढाण्याचा एमएस्सीचा विद्यार्थी औंढ्याच्या वेधशाळेत पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल.