अमृतसरचा विकास आणि बीजींचं स्वयंपाकघर

टीव्हीवरचा मास्टरशेफचा कार्यक्रम तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल. त्यातले ते उंच, हसरे विकास खन्ना आठवतात का? आज आपण त्यांच्याविषयी बोलणार आहोत. गरिबाघरचा पोरगा मोठा झाला, अशी ही गोष्ट नाही, हे आधीच सांगतो. घर खाऊनपिऊन सुखी होतं. अडचण वेगळी होती, आणि ती आपल्या गावातही जन्माला येते.

विकास यांचा जन्म 1971 सालचा, पंजाबातल्या अमृतसरचा. जन्मतःच पाय आतल्या बाजूला वळलेला. याला डॉक्टर क्लबफूट म्हणतात. पाय सरळ राहावा म्हणून खास बूट घालावे लागायचे, चालणं अवघड, पळणं तर नाहीच. बरोबरीची मुलं चिडवायची. वयाच्या तेराव्या वर्षापर्यंत आपण धावू शकत नव्हतो, असं ते स्वतः सांगतात.

इथे थोडं थांबू या. असं बाळ जन्मलं की आपल्याकडे पहिला प्रश्न आईला विचारतात, ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का? मैत्रिणींनो, ग्रहणाचा आणि पायाचा काहीही संबंध नाही. साधारण हजार बाळांमागे एखाद्या बाळाला हा त्रास असतो. जगभर असतो. ज्या देशात ग्रहण पाळत नाहीत, तिथेही असतो. आणि तो बरा होतो. बाळ काही दिवसांचं असतानाच उपचार सुरू झाले तर बहुतेक वेळा मोठं ऑपरेशन लागत नाही. दर आठवड्याला पाय हलक्या हातानं थोडा थोडा सरळ करून प्लास्टर घालतात, अशी साधारण पाच-सहा प्लास्टरं. मग बहुतेक बाळांच्या टाचेमागची शीर थोडीशी मोकळी करतात. त्यानंतर पट्टीला जोडलेले बूट. पहिले तीन महिने जवळजवळ दिवसरात्र, पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना. खरी कसोटी या बुटांची आहे. पाय सरळ दिसला की घरचे बूट काढून ठेवतात, बाळ रडतं म्हणून, आणि पाय पुन्हा वळतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार धरलेला आहे आणि त्यातून उपचार मोफत मिळतात. आशाताईंना सांगा, अंगणवाडीत तपासणीला डॉक्टर येतात त्यांना दाखवा. लेकराला दुपट्यात गुंडाळून लपवू नका. मूल मोठं झालं असेल तरी दाखवाच, मात्र वय वाढेल तसे उपचार लांबतात.

आता पुन्हा अमृतसरला. बाहेर खेळता येत नाही, म्हणून हा मुलगा स्वयंपाकघरात आजीजवळ बसायचा. पंजाबात आजीला प्रेमानं बीजी म्हणतात. बीजी पोळ्या लाटायच्या, मसाले कुटायच्या, लोणची घालायच्या, आणि नातू बघायचा, हात लावायचा. बीजींनी त्याला दयेनं नुसतं बसवून ठेवलं नाही, काम दिलं. पाय चालत नव्हता, हात चालत होते. मुलगा असून चुलीपाशी काय बसतोस, असं म्हणणारे तिथेही असतीलच. आपल्याकडची गंमत तर माहीतच आहे. घरचा स्वयंपाक बाईचा, त्याला मोल नाही, आणि लग्नातला आचारी पुरुष, तो आधी इसार घेतो!

दुसरं स्वयंपाकघर सुवर्णमंदिराचं. तिथल्या लंगरमध्ये रोज पन्नास हजारांहून जास्त माणसं जेवतात. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जाऊन आलेल्यांनी हे पाहिलंय. सगळे एका पंगतीत, खाली बसून. जात विचारत नाहीत, पैसे विचारत नाहीत. लसूण सोलायला, रोट्या लाटायला, भांडी घासायला कुणीही बसावं. लहानपणी विकास तिथेही सेवा करायचे.

सतराव्या वर्षी त्यांनी आईच्या साथीनं घरगुती समारंभांच्या जेवणाचं काम सुरू केलं. लॉरेन्स गार्डन असं त्याचं नाव. छोटे छोटे कार्यक्रम, ओळखीतली गिऱ्हाइकं. आपल्या गटातल्या ज्या बाया डोहाळजेवणाच्या, बारशाच्या ऑर्डरी घेतात, त्यांना हे काम नवीन नाही. पुढे मणिपालला हॉटेलचं शिक्षण झालं, 1991 मध्ये पदवी मिळाली. पण हिशेब, माणसं सांभाळणं, पन्नासाच्या अंदाजात साठ पाहुणे आले तर काय करायचं, हे असल्या कामातच अंगवळणी पडतं. विकास यांच्यावरच्या लेखांत आईची ही भागीदारी एका ओळीत उरकलेली असते. आम्हाला ते पटत नाही.

2000 साली ते अमेरिकेत न्यूयॉर्कला गेले. तिथे ओळख नाही, पाळख नाही. हॉटेलात भांडी घासली, मिळेल ते काम केलं. काही रात्री बेघरांच्या निवाऱ्यात काढल्या. पुढे कित्येक वर्षांनी बीबीसीच्या मुलाखतीत त्यांना विचारलं, भारतात गरिबी पाहिली म्हणून तुम्हाला भुकेची जाणीव आहे का? त्यांनी सांगितलं की अमृतसरमध्ये लंगर आहे, तिथे कुणी उपाशी राहत नाही, भूक आपल्याला कळली ती न्यूयॉर्कमध्ये. हे उत्तर तेव्हा खूप गाजलं.

2010 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये जुनून नावाचं हॉटेल सुरू झालं, विकास तिथले मुख्य शेफ. पुढच्याच वर्षी हॉटेलला मिशेलिन तारा मिळाला. आता हा तारा काय आहे? मिशेलिन ही फ्रान्सची टायर बनवणारी कंपनी. लोकांनी गाडीतून जास्त फिरावं, म्हणजे टायर झिजतील आणि नवे खपतील, म्हणून तिनं 1900 साली प्रवाशांसाठी पुस्तिका काढली. नंतर त्यात चांगल्या हॉटेलांना तारे देऊ लागले, एक ते तीन. तपासणारा माणूस ओळख न सांगता येतो, इतरांसारखा जेवतो, बिल भरून जातो. तारा हॉटेलला असतो, माणसाला नाही, आणि तो दरवर्षी नव्यानं मिळवावा लागतो. चव उतरली की काढूनही घेतात. म्हणजे एक दिवस फक्कड जमून भागत नाही, रोज तसंच जमावं लागतं. गटाचं लोणचं दुकानात ठेवणाऱ्या बायांना हे वेगळं सांगायला नको. पहिली बरणी सगळे कौतुकानं घेतात, दहाव्या बरणीला तीच चव लागली तर अकरावी खपते.

2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ते न्यूयॉर्कमध्ये अडकलेले होते. तिथून त्यांनी फीड इंडिया नावानं भारतात शिधा पाठवायला सुरुवात केली. सुरुवातीलाच फसवणूक झाली, त्यांचं मन खचलं. तेव्हा आईनं त्यांना चांगलंच सुनावलं, असं ते सांगतात, एवढ्यात हात टेकायला तुला परदेशी पाठवलं नव्हतं, अशा अर्थाचं. मग त्यांनी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे पुरात आपल्याकडे बोटी घेऊन येतात त्या एनडीआरएफच्या जवानांची मदत घेतली. वृद्धाश्रम, अनाथाश्रम, कुष्ठरोग्यांच्या वसाहती अशा ठिकाणी तांदूळ, डाळ, पीठ पोचू लागलं. न्यूयॉर्कला रात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस, त्यामुळे रात्र रात्र जागून, कुठे किती माणसं आणि कुणाला काय हवं, याच्या याद्या ते फोनवरून करत होते.