पीस लिलीने मान टाकलीय? फेकू नका!

गावाहून परतलात आणि पीस लिली कुंडीच्या कडेवर लोळताना दिसली, तरी मुळं जिवंत असतील तर ती काही तासांत उभी राहते. फक्त वरून तांब्याभर पाणी ओतून भागत नाही. वाळलेली माती आक्रसते, कडेला फट पडते आणि पाणी तिथूनच सरळ ताटलीत उतरतं. मधला मुळांचा गड्डा कोरडाच! म्हणून कुंडी निम्मी बुडेल एवढ्या पाण्यात अर्धा तास ठेवा. वरची माती ओलसर झाली की बाहेर काढून पूर्ण निथळू द्या. पिवळी पानं कापा. ऊन नको. आणि लगेच खत तर मुळीच नको, सुकलेली मुळं त्याने भाजतात. माझी लिली दुपारी भिजवली होती, रात्रीची जेवणं होईपर्यंत पानं ताठ!