बारामती ते इंदापूर : वाटेवरील एक धडा

बारामतीहून इंदापुरास जाणारा सुमारें ५० किलोमीटरांचा रस्ता आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचा आहे. भवानीनगर, सणसर, लासुर्णें, अंथुर्णें, निमगांव केतकी अशीं गांवें मागें टाकीत तो कधीं चढणीस लागतो, तर कधीं ओढ्याकडे उतरतो. आषाढी वारीच्या वेळीं तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेनें जाते.

या वाटेनें आम्ही एकदां मुलांस घेऊन सहलीस निघालों होतों. उजव्या हातास उंसाचे हिरवेगार फड. डाव्या हातास, माळाच्या अंगाला, बाभळी, कुसळें व खुरटलेली ज्वारी. तें पाहून एक विद्यार्थी सहज बोलून गेला, "या बाजूचे लोक आळशी दिसतात!" त्याच्या शेजारच्या मुलानें मान खालीं घातली. त्याचें घर तशाच माळावर होतें.

आम्हीं गाडी थांबवून सर्वांस खालीं उतरविलें व तांब्याभर पाणी जमिनीवर ओतलें. पाणी दक्षिणेस, नीरा नदीच्या दिशेनें वाहूं लागलें. "आतां हेंच पाणी माळाकडे वळवून दाखवा," असें आम्हीं म्हणतांच सर्व हसूं लागले. उत्तर त्या हंसण्यांतच होतें.

हा मुलूख पर्जन्यछायेंतील. सह्याद्रीवर ढग रिते होतात व येथें वर्षास सरासरी सुमारें ५०० मिलिमीटरच पाऊस पडतो. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर वीर येथील बंधाऱ्यापासून नीरा डावा कालवा काढण्यांत आला. १८८५ मध्यें त्यांतून पाणी वाहूं लागलें. नदीच्या उत्तरेकडील उंच भागावरून हा कालवा अगदीं मंद उतारानें नेलेला आहे. कालवा व नदी यांमधील शेतांस पाणी आपल्याच ओघानें मिळतें. कालव्याच्या वरच्या अंगास मात्र तें आपण होऊन चढूं शकत नाहीं. तेथें विहीर खणावी लागते, शेततळें करावें लागतें, किंवा यंत्रानें पाणी उचलावें लागतें. आणि या प्रत्येकास पैसा लागतो. म्हणजे हिरव्या व पिवळ्या शेतांमधील सीमा बहुतांशीं उद्योग व आळस यांची नसून जमिनीच्या उताराची आहे.

शिवाय पाणी मिळालें म्हणजे सर्व साधलें, असेंही नाहीं. काळ्या जमिनीस बेसुमार पाणी दिलें व निचऱ्याची सोय केली नाहीं, तर क्षार वर येऊन ती चोपण बनते. कालव्याखालील कित्येक शेतांस हें भोगावें लागलें आहे. जास्तीचें पाणी एकाची जमीन बिघडवितें आणि दुसऱ्यास तहानलेलें ठेवितें.

गाडी पुन्हां चालूं झाली तेव्हां तो पहिला विद्यार्थी शेजाऱ्यास विचारीत होता, "तुमच्या विहिरीस पाणी किती दिवस पुरतें?" दुसऱ्यानें मान वर करून उत्तर दिलें, "माघापर्यंत." त्या दिवसाचा आमचा धडा तेथें पुरा झाला. पालकहो, या रस्त्यानें मुलांस न्याल, तेव्हां त्यांस शेतें अवश्य दाखवा. परंतु त्यांपूर्वीं उतार दाखवा.