240 किलोमीटर पाणी, 25 लाख ब्रास माती

मुंबईहून रेल्वेने दिल्लीला जा. परत मुंबईला या. आणि तसेच पुढे पुण्याला निघा. झाले जवळजवळ 3000 किलोमीटर! सतराव्या शतकात फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचा माल त्याच फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर न्यायचा, तर जहाजाला एवढा वळसा पडायचा. अख्खा पोर्तुगाल, अख्खा स्पेन, मग जिब्राल्टरची सामुद्रधुनी, आणि वाटेत वादळं नि चाचे.

हा वळसा मोडून काढायचं एका माणसाने मनावर घेतलं. पिएर-पॉल रिके. धंदा मिठावरचा कर गोळा करण्याचा, वय पन्नाशीच्या पुढे. 1666 च्या ऑगस्टमध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले. त्याच वर्षी ऑक्टोबरात चौदाव्या लुईने रिकेच्या कालव्याला मंजुरी दिली. तुलूझ शहरापाशी अटलांटिककडे जाणारी गारोन नदी आहे. तिथून भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत कालवा खणायचा. लांबी 240 किलोमीटर. मुंबई-पुणे लोहमार्ग 192 किलोमीटरांचा. तो संपला की दौंडच्या दिशेने आणखी 48 किलोमीटर जा, तेव्हा कुठे हा कालवा संपेल!

हाच तो कानाल द्यु मिदी. त्याच्या काठच्या वाटेवरून पूर्वी घोडे दोराने होड्या ओढत. आज त्याच वाटेने सायकली धावतात. तर काढा सायकल, मोजत मोजत जाऊ.

पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 5 मीटर पुढे जाते. म्हणजे तुलूझ ते समुद्र, 48,000 फेरे. आणि काठावर प्लेनची, आपल्या काश्मीरच्या चिनाराच्या भाऊबंदांची, झाडं किती होती? 42,000! दोन्ही काठांवर वाटून टाकली, तर दर 11 मीटरला एक झाड, सलग 240 किलोमीटर. 2006 मध्ये त्यांच्यावर बुरशीचा जीवघेणा रोग आला, हजारो झाडं तोडावी लागली. आता त्यांच्या जागी दुसऱ्या जातींची रोपं वाढत आहेत. सावली काही ठिकाणी विरळ झाली आहे, तेव्हा टोपी घ्या.

चढाची धास्ती वाटते? आपल्या भोरघाटात रेल्वे दर 37 मीटरला 1 मीटर चढते. इथे तुलूझपासून माथ्यापर्यंत 1 मीटर चढायला जवळजवळ 900 मीटर मिळतात! पन्नासेक किलोमीटर जायचं आणि साठ मीटरसुद्धा चढायचं नाही. तोवर वाट डांबरी. पुढे मात्र मातीची पायवाट, मुळं आणि खडे.

माथ्याचं नाव नोरूझ. समुद्रसपाटीपासून 189 मीटर. इथे कालव्यात पडलेलं पाणी एका अंगाने अटलांटिककडे निघतं, दुसऱ्या अंगाने भूमध्य समुद्राकडे. पण प्रत्येक होडी उतरताना माथ्याचं पाणी खाली नेते, मग ते भरून कोण काढणार? रिकेने 'काळा डोंगर' नावाच्या डोंगररांगेतले ओढे वळवले आणि सँ-फेरेओलला धरण बांधलं. पाऊण किलोमीटर लांब, दहा मजली इमारतीएवढं उंच, पायाशी शंभर मीटरांहून जाड. त्यात पाणी मावतं 630 कोटी लिटर.

630 कोटी म्हणजे किती? 10,000 लिटरचा टँकर घ्या. दर मिनिटाला एक भरा, रात्रंदिवस, न थांबता. धरण रिकामं व्हायला एक वर्ष आणि 72 दिवस लागतील! 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली होती, ती आठवा. 50 वाघिणी, एका खेपेत 25 लाख लिटर. हे धरण रिकामं करायला तशा 2520 रेल्वे लागतील. रोज एक सोडली तरी जवळजवळ सात वर्षं!

माथा उतरून बरेच लॉक मागे पडले, की एक कमाल दिसते: तिथून पुढे 54 किलोमीटर एकही लॉक नाही. लॉक म्हणजे होडीला पाण्यासकट वर चढवणारी किंवा खाली उतरवणारी दरवाजांची कोठी. सीएसएमटीहून कल्याणपर्यंत जेवढं अंतर, तेवढं पाणी एका पातळीत धरलेलं! कालवा टेकड्यांच्या कडेकडेने वळणं घेत जातो, पातळी सोडत नाही. वाटेत रेप्युद्र नदी आडवी येते, तर 1676 मध्ये कालवाच पुलावरून पलीकडे नेला. खाली नदी, वर होड्या!

मग समोर डोंगर. माल्पासचा बोगदा, 165 मीटर. म्हणजे मुंबईच्या लोकलचे आठ डबे. त्यातून पाणी जातं, साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी आखलेल्या कालव्याचं. त्याच टेकडीच्या पोटात रेल्वेचा एक बोगदा आहे आणि तळं उपसण्यासाठी खणलेला मध्ययुगीन बोगदाही आहे. एक टेकडी, तीन बोगदे!

पुढे बेझिये, रिकेचं जन्मगाव. फॉन्सरानला आठ कोठ्या एकापुढे एक, जिन्यासारख्या. उतार साडेएकवीस मीटर. सात मजल्यांची इमारत, आणि होडी ती पाण्यावर बसून उतरते! सायकलवरून हा 300 मीटरांचा उतार मिनिटभरात संपतो. थांबा, उतरा, पाहा. कालव्याच्या सगळ्या शाखा धरून 360 किलोमीटरांत अशी 328 बांधकामं आहेत: लॉक, पूल, बोगदे, जलसेतू. सरासरी दर 1100 मीटरला एक.

हे केलं कोणी? ऐन भरात 12,000 माणसं कामावर होती, त्यांत बायकाही. 50 आसनांच्या एसटीत बसवली तर 240 गाड्या. कालव्याच्या दर किलोमीटरला एक! आजच्या 500 रुपये हजेरीने रोजचा पगार 60 लाख, महिन्याचा 18 कोटी. रिके पावसाचे आणि आजारपणाचे दिवसही भरून देत असे.

आणि आता सगळ्यांत मोठा आकडा. वर 20 मीटर रुंद, तळाशी 10, खोली 2. गुणा 240 किलोमीटरांनी. माती निघते 72 लाख घनमीटर, म्हणजे 25 लाख ब्रास! आजच्या 10 घनमीटरच्या टिपरने 7,20,000 खेपा. ते टिपर एकामागे एक उभे केले, तर मुंबई-पुणे लोहमार्ग तीस वेळा भरेल. अजून डोळ्यांसमोर येत नाही? मग विहिरी खणा. 10 मीटर व्यास, 15 मीटर खोल, आपल्या शेतातली भक्कम विहीर. तशा 6000! रोज एक पूर्ण विहीर खणली, साडेचौदा वर्षं एकही दिवस सुट्टी न घेता, तरी 700 विहिरी उरतात! आणि हे सगळं कुदळ, फावडं आणि टोपलीने. जेसीबी नाही, डिझेल नाही.

रिके ऑक्टोबर 1680 मध्ये वारला. मे 1681 मध्ये कालवा सुरू झाला. 1996 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं, पण खरी पावती वेगळीच आहे: त्यात आजही पाणी आहे आणि होड्या चालतात. जमलं तर एकदा तुलूझहून सायकल काढा. नाही जमलं, तर आपल्या गावाजवळच्या कालव्याची लांबी, रुंदी, खोली विचारून घ्या आणि गुणाकार करून पाहा. किती विहिरी खणल्या गेल्या, ते मुलांना मोजायला लावा.