वाऱ्यांच्या वाटेवरची काउंटी

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या दक्षिण भागात कायोवा नावाची काउंटी आहे. क्षेत्रफळ सुमारे 1870 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे. वस्ती जेमतेम अडीच हजारांच्या घरात. बाकी सारे गव्हाचे रान आणि गुरांची कुरणे. पश्चिमेला सुमारे पाचशे किलोमीटरवर रॉकी पर्वत उभा आहे. पण उत्तरेला कॅनडापर्यंत किंवा दक्षिणेला मेक्सिकोच्या आखातापर्यंत आडवा असा डोंगर नाही. त्यामुळे उत्तरेचा कोरडा गारठा आणि आखाताची दमट ऊब, दोन्ही न अडता इथवर पोचतात. मान्सूनच्या प्रदेशात वारा ऋतूबरोबर दिशा बदलतो. इथे तो एका दुपारीही बदलतो आणि तासाभरात पारा कितीतरी अंश उतरतो.

गव्हाची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. जानेवारीच्या रात्री तापमान शून्याखाली 6-7 अंशांवर जाते, बर्फ पडते, पण महिनोन्‌महिने साचून राहत नाही. रोपे तेवढा काळ वाढ थांबवून बसतात. या वाणांना ही थंडी लागतेच. तिच्यावाचून गहू निसवत नाही.

खरी धामधूम एप्रिल ते जूनमध्ये. जमिनीलगत आखाताची दमट हवा, तिच्यावर पश्चिमेकडून आलेली कोरडी हवा, आणि उंचीनुसार वेग व दिशा बदलणारा वारा, असा योग जुळला की दुपारनंतर ढग गडगडत चढतात. वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातला बहुतेक एप्रिल ते सप्टेंबरात, तोही वळवाच्या जातीचा. एका शेतात चिखल, शेजारच्यात धूळ. काढणी जूनमध्ये असल्याने गारपीट नेमकी पिकत्या ओंब्यांवर येते.

त्याच ढगांतून कधी टोर्नेडोची सोंड खाली उतरते. 4 मे 2007 च्या रात्री काउंटीचे मुख्य गाव ग्रीन्सबर्ग अशा टोर्नेडोखाली सापडले. त्याची रुंदी सुमारे 2.7 किलोमीटर होती. गावाचा 95 टक्के भाग उद्ध्वस्त झाला, तरी धोक्याचे भोंगे आधी वाजल्याने बहुतेक लोक तळघरांत पोचले होते. सुधारित फुजिता मापनावर सर्वोच्च पाचवी श्रेणी मिळालेला हा पहिलाच टोर्नेडो. पुढे नव्याने उभारलेल्या गावाने वीज पवनचक्क्यांची घेतली, हे विशेष.

जुलैत दुपारचा पारा 34 अंशांच्या आसपास असतो. चाळिशी गाठणारे दिवसही येतात. दक्षिणेचा कोरडा वारा सुटला की ओल झपाट्याने उडते. 1930 च्या दशकात पावसाने वर्षानुवर्षे पाठ फिरवली. कुरणे मोडून नांगरलेली माती वाऱ्याबरोबर उठली आणि 14 एप्रिल 1935 च्या धुळीच्या लोटाने या मैदानावर भरदिवसा अंधार केला. हिवाळा कोरडा गेला तर वसंताच्या तोंडी वाळलेले गवत पेट घेते. मार्च 2017 मध्ये लगतच्या क्लार्क आणि कोमॅंची काउंटींत असाच वणवा पसरला. उन्हाळ्यात ओल अशी उडून जाते म्हणून ऑगस्टअखेरच्या सरींकडे शेतकऱ्याचे डोळे लागलेले असतात: पेरणीची ओल त्यांच्यातूनच मिळायची असते.