नंदुरबारला उतरताना

मंडळी, सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबारला एवढी माणसं का उतरतात, पाहिलंत कधी? रूळ तापीच्या दक्षिणेला, सातपुडा उत्तरेला. आणि जिल्ह्यात नदीपलीकडे रेल्वे नाही. धडगाव, तोरणमाळकडे जायचं तर बहुतेकांना इथंच एस. टी. धरावी लागते. शहाद्याची वाट प्रकाशाला तापी ओलांडते. 1998 साली धुळ्यातून वेगळा जिल्हा झाला, तशी कचेरीच्या कामाची गर्दीही वाढली.

होळीसाठी गुजरातेतून ऊसतोडीहून परतणारी कुटुंबं बघा. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. रेल्वेला उशीर झाला नि डोंगरातली शेवटची बस चुकली, की रात्र स्थानकावरच. म्हणून उतरल्यावर चहा मागाहून. आधी चौकशीची खिडकी गाठा. आणि गुरुजी, वर्गात एकदा एस. टी.चं वेळापत्रक वाचून घ्या. पुष्कळ घरांत ते वाचणारं पोरच असतं.