अद्भुतकथांचे मराठी वाचक : ठाण्यापासून कल्याणपर्यंत

मराठी गद्याच्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांत ‘सिंहासनबत्तिशी’ आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात ते १८१४ मध्ये मोडी लिपीत छापले गेले. राजा भोज सिंहासनावर बसायला जातो आणि बत्तीस पुतळ्या एकेक गोष्ट सांगून त्याला थांबवतात. म्हणजे मराठीत पुस्तक ही वस्तू आली तीच बोलक्या पुतळ्या घेऊन आली. अद्भुतकथा हे अलीकडचे, परदेशातून आलेले वेड आहे, असा समज पुष्कळ पालकांचा असतो. त्याला इतिहासाचा आधार नाही.

१८६१ हे साल या बाबतीत विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ ही अद्भुतरम्य कादंबरी आली आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ प्रसिद्ध होऊ लागल्या. १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ निघाली. पुढे १८८५ पासून हरिभाऊ आपट्यांनी कादंबरी घरातल्या, समाजातल्या प्रश्नांकडे वळवली. समीक्षकांचे लक्ष तिकडे गेले ते योग्यच होते. वाचकांनी मात्र अद्भुताची वाट सोडली नाही.

ही वाट जिवंत ठेवण्यात ग्रंथालयांचा वाटा फार मोठा आहे आणि ठाणे-कल्याण पट्ट्यात तो सहज दिसतो. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, म्हणजे ‘मुक्तामाले’नंतर अवघ्या तीन वर्षांनी सुरू झालेले. मुंबईहून ठाण्याला रेल्वे १८५३ मध्ये आली आणि कल्याणला १८५४ मध्ये. मुंबईत छापलेले पुस्तक त्यानंतर गाडीने इथपर्यंत येऊ शकत होते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी स्थापन झाले. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. मराठीत छापलेला ग्रंथ जमवायचा आणि जपायचा, हा त्यांचा ध्यास होता. या धोरणाचे मोल अद्भुतकथेच्या वाचकाला सर्वांत जास्त कळावे. अभ्यासक्रमात न लागलेली, समीक्षकांनी बाजूला ठेवलेली पुस्तके टिकतात ती अशा संग्रहांतच.

अशा पुस्तकांत पहिले नाव नाथमाधवांचे. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे खरे नाव. शिकारीसाठी सिंहगडावर गेले असता ते कड्यावरून पडले आणि कमरेखालचे शरीर लुळे झाले. अंथरुणावर पडून त्यांनी भरपूर वाचले आणि मग लिहायला घेतले. १९१३ ची ‘वीरधवल’ ही त्यांची कादंबरी अनेक पिढ्यांनी झोप मोडून वाचली. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून सुरू होणारी त्यांची शिवकालीन कादंबऱ्यांची माळही एकामागून एक वाचायची असते. त्यांच्याच काळातले गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कथानकांना मराठी वेश चढवला. ‘कालिकामूर्ती’ आणि ‘इंद्रभुवनगुहा’ ही त्यांची नावे जुन्या वाचकांना अजून आठवतात. भाषा आज थोडी जड वाटते, पण पहिली पंचवीस पाने नेटाने वाचली की कथेचा ओघच वाचकाला पुढे नेतो.

स्वातंत्र्यानंतर मुलांपर्यंत अद्भुत पोहोचवले ते मासिकांनी. मद्रासच्या ‘चंदामामा’ची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ १९५२ मध्ये सुरू झाली. राक्षस, मांत्रिक, शापित राजपुत्र यांच्या क्रमशः कथा, जोडीला दर महिन्याला विक्रम-वेताळ आणि शंकर या चित्रकाराची चित्रे. पुढचा भाग वाचायला महिनाभर थांबण्याची सवय अनेकांना ‘चांदोबा’नेच लावली. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि फुरसुंगीचा फास्टर फेणे उभा केला. फेणेच्या गोष्टींत जादू नाही. तरीही अद्भुतकथा आवडणारी मुले त्याच ओढीने तो वाचतात, कारण एक आवडता नायक पुन्हा पुन्हा भेटण्याचा आनंद दोन्हीकडे सारखाच असतो.

मोठ्यांसाठी गौरी देशपांडे यांनी १९७६-७७ मध्ये बर्टनच्या ‘अरेबियन नाइट्स’चा सोळा खंडांत अनुवाद केला. मराठी अनुवादाच्या इतिहासातले हे एक थोर काम आहे आणि त्याची पुरेशी चर्चा होत नाही. नारायण धारपांनी भयकथेला स्वतःचे घर बांधून दिले. दुष्ट शक्तींशी झुंजणाऱ्या ‘समर्थ’ या व्यक्तिरेखेभोवती त्यांनी कथांची मालिका लिहिली. ‘लुचाई’ ही कादंबरी त्यांनी स्टीफन किंगच्या कथानकावरून रचली, तरी तिचे वातावरण पूर्णपणे इथले आहे. २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा होती. त्यानंतर अनेक तरुण वाचक धारपांकडे नव्याने वळले.

गेल्या वीसेक वर्षांत परदेशी मालिकाही मराठीत आल्या. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ने सुरू होणारे हॅरी पॉटरचे भाग मंजुल प्रकाशनाने काढले. टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने अनुवाद केला. अमीश त्रिपाठी यांची २०१० पासून इंग्रजीत आलेली शिवावरची कादंबरीत्रयीही मराठीत मिळते.

इतक्या पुस्तकांतून कोणते आधी घ्यायचे, हे ठरवताना मालिकेचा प्रकार पाहणे उपयोगाचे ठरते. फास्टर फेणे, विक्रम-वेताळ किंवा ‘समर्थ’ यांत नायक तोच, पण प्रत्येक गोष्ट स्वतंत्र असते. कोणताही भाग आधी उचलला तरी बिघडत नाही. वाचनाची सवय लावायला हा प्रकार उत्तम. हॅरी पॉटर, ‘स्वामी मुद्रिकांचा’ आणि अमीश यांची त्रयी यांत मात्र एकच कथा शेवटपर्यंत चालते. तिथे क्रम मोडला तर रस जातो. हॅरी पॉटरचे सात भाग मूळ इंग्रजीत १९९७ ते २००७ या दहा वर्षांत आले. पहिले तीन आटोपशीर आहेत. चौथ्यापासून पुस्तक जाडही होते आणि गडदही. त्यामुळे नऊ-दहा वर्षांच्या मुलाला सातही भाग एका दमात देण्यापेक्षा वयाबरोबर पुढे जाऊ द्यावे. टॉल्किनचे ‘हॉबिट’ १९३७ चे, मुलांसाठी लिहिलेले आणि हलकेफुलके. ते आधी वाचले की १९५४-५५ मधल्या मोठ्या कथेची संथ सुरुवात जाचत नाही. जॉर्ज मार्टिनची इंग्रजी अद्भुत मालिका प्रौढ वाचकांसाठीच आहे. १९९६ पासून तिचे पाच भाग आले, पाचवा २०११ मध्ये, आणि कथा अजून अपुरी आहे. हे ठाऊक असूनच ती हातात घ्यावी.

आवडलेले पुस्तक दुसऱ्याच्या हाती जाते ते बहुधा तोंडी शिफारशीने. ग्रंथालयाच्या देवघेव विभागात पुस्तक परत करणारा वाचक दोन शब्द बोलतो आणि रांगेत मागे उभा असलेला तेच पुस्तक मागतो. डोंबिवलीत पुंडलिक पै यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या फ्रेंड्स लायब्ररीने या देवाणघेवाणीला जाहीर रूप दिले. तिच्या पुस्तक आदान-प्रदान उपक्रमात वाचून झालेले पुस्तक देऊन दुसऱ्या कुणाचे तरी घेऊन जाता येते. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे या लेखकांच्या गावात २०१७ मध्ये नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. पुस्तकासाठी जमण्याची सवय गावाला जुनीच आहे.

मराठीत आजच्या लेखकाने स्वतः रचलेली, अनेक खंडांची अद्भुत मालिका अजून फार दुर्मीळ आहे. अनुवाद चांगले आहेत, पण ते त्या जागी पुरत नाहीत. ज्या भाषेकडे वेताळ, यक्ष, गडकोट आणि सह्याद्रीची गुहालेणी आहेत, तिने स्वतःचे कल्पित राज्य खंडाखंडाने उभे करायला हवे. प्रकाशक त्यासाठी धजावतील ते मागणी दिसली तरच, आणि अशी मागणी नोंदवण्याची साधी जागा म्हणजे ग्रंथालयातली सूचनावही.

सलग कथेच्या मालिकेला ग्रंथालयात एक धोका कायम असतो. मधला एक भाग हरवला की पुढचे सगळे भाग कपाटात पडून राहतात आणि नवा वाचक पहिला भागही नेत नाही. एखादा भाग घरी राहिला असेल तर तो परत करावा. वाचून झालेला संच द्यायचा असेल तर सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणी न देता तो अखंड एकाच वाचनालयाला द्यावा.